चाळीसावा हात

तरण तलावात मी कधी घाबरले नाही.
तिथं तळाला काळी पट्टी होती,
कुणीतरी माझ्यासाठीच आखून ठेवल्यासारखी.
पंचवीस मीटरला भिंत. भिंतीला हात. वळायचं.
अप्पांच्या मागावर धोटा असाच धावायचा
या काठाकडून त्या काठाकडे,
आणि मी ओट्यावर बसून मोजायची.
सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मोजायला लागले,
क्लोरीनच्या वासात, सहाच्या बायकांच्या बॅचमध्ये.
साठ फेऱ्या झाल्या त्या दिवशी
चिलवेरी सर म्हणाले, "आता हिप्परग्याला चला की ओ."

हिप्परग्याचं पाणी निळं नाही.
कोपरापुढचा हात त्यात दिसत नाही,
म्हणजे आपलाच हात, आपणच पुढे टाकलेला.
पट्टी नाही. भिंत नाही.
समोर पंपहाऊसचा पांढरा ठिपका
आणि मधे जे काही आहे ते.
सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.
चाळिसाव्या हाताला नडगीवरून काहीतरी गेलं,
मऊ, लांब, सावकाश.

शेवाळ होतं. ते मला नंतर सांगितलं.
तेव्हा मात्र छातीत दार आपटलं,
गॉगल डोळ्यांत रुतला,
टोपी कवटीएवढी लहान झाली.
मी हवा ओढत होते, ओढतच होते,
आणि हवा पुरत नव्हती.
येणारी सगळी वर्षं मला एकदम आठवली.
मग रशीदचाचांचा थर्माकोलचा तराफा,
त्यावरचं मासळीचं जाळं,
आणि त्या जाळ्याला मिठी मारून रडणारी
टॉवेल कारखान्याची हेड अकाउंटंट.
चाचा काही बोलले नाहीत.
वल्हं म्हणून धरलेलं ताट पाण्यात घालत
मला काठाला आणून सोडलं, परत गेले.

पुढच्या रविवारी गेलेच नाही.
घरी सांगितलं, सर्दी आहे.

तलावात मात्र जात होते. पट्टी होती. भिंत होती.
आणि साठाव्या फेरीलाही लाज होती.

एका रात्री, का कोण जाणे, अप्पा आठवले.
पूर्व भागातली ती खोली, तंतूंनी पांढरी झालेली हवा,
कापूस भरून बसलेली त्यांची छाती.
दम लागला की ते खाटेच्या कडेला बसत,
गुडघ्यांवर हात, ओठांचा चंबू,
आणि बशीतला चहा निववावा तशी फुंकर घालत
समोरच्या रिकाम्या हवेला.
मी घाबरून पंख्याची दोरी ओढायला धावले की म्हणत,
"मेल्लगा, बिड्डा, मेल्लगा."
सावकाश, बाळ.
आत घ्यायची घाई सगळ्यांनाच असते.
भरल्या घागरीत आणखी किती ओतशील?
आधी सोड.

तिसऱ्या रविवारी वारा होता,
पाण्याला बारीक सुरकुत्या.
चाळिसाव्या हाताला ते आलं, वेळेवर,
ओळखीच्या वसुलीवाल्यासारखं.
मी त्याला नको म्हटलं नाही.
उताणी झाले. कान पाण्यात.
वर फेब्रुवारीचं आभाळ, एक घार.
ओठांचा चंबू केला
आणि चहा निववला.
एकदा. पुन्हा. अजून एकदा.
एवढ्या मोठ्या तलावाला मी फुंकर घालत होते
आणि तो खरंच निवत होता,
किंवा मी.

मग पालथी झाले.
तोंड पाण्यात घालून सगळा श्वास सोडला,
बुडबुडे कानांमागे गेले.
हात मोजले नाहीत.
दर सहा-सात हातांनी डोकं वर काढून
पांढरा ठिपका कुठं आहे ते बघितलं.
दोनदा तो डावीकडे निघाला. म्हणजे मी उजवीकडे.
शेवाळ पुन्हा आलं. येऊ दे.
भीती गेली नाही, चाचांच्या तराफ्यासारखी
जरा अंतरावरून सोबत राहिली.

पंपहाऊसच्या पायऱ्यांवर सुजाता अन्नलदास
कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोडून बसली होती.
माझे दात वाजत होते, भाकरी मोडेना.
"मधे किती खोल आहे गं?" तिनं विचारलं.
"काय माहीत," मी म्हटलं,
"मी वरच होते की."